घरात एक कॉम्प्युटर, माणसं पाच

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटल्यावर संयोजकांना वाटलं होतं की मी एआयवर बोलेन. मी म्हटलं, मला घरातल्या कॉम्प्युटरवर बोलायचंय. कॉम्प्युटर एक, वापरणारी माणसं चार-पाच, आणि त्यांनी एकमेकांना लिंका आणि निरोप कसे द्यायचे. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “चालेल, पण लवकर आटपा.”

तर आधी हात वर करा. कोणाकोणाच्या घरी एकच कॉम्प्युटर किंवा एकच लॅपटॉप आहे? बरेच हात. आता, त्यावर प्रत्येकाचं वेगळं खातं कोणाच्या घरी आहे? तीन. तिसरा हात अर्धाच वर आहे, म्हणजे अडीच.

आमच्या घरीही नव्हतं. साल २००८. आम्ही तेव्हा मिरजेत राहायचो. दादी, अब्बा, अम्मी, आपा आणि मी. माझ्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनचं निमित्त करून अब्बांनी एक जुना, असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला. विंडोज एक्सपी होतं त्यावर. निमित्त माझं, म्हणून कॉम्प्युटर माझा, असं मी धरून चाललो. आपा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. गरज तिलाही होती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी नसताना ती बसायची. त्याच खात्यात, त्याच ब्राउझरवर.

एका संध्याकाळी मी पत्त्याच्या पट्टीत ‘एच’ हे अक्षर टाइप केलं. मला हॉटमेल उघडायचं होतं. खाली यादी आली आणि सगळ्यात वर दिसलं पुण्यातल्या मुलींच्या हॉस्टेलचं पान. त्याखाली एम.एस्सी.च्या प्रवेशाची दोन पानं. मी काही शोधायला गेलो नव्हतो. ही गोष्ट मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलोय, आणि ती खरी आहे. पण पुढचं मी केलं. रात्री दस्तरख्वानवर सगळे बसले असताना हसत हसत म्हणालो, “आपा पुण्याला निघालीय वाटतं.”

अब्बांचा हात ताटातच थांबला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर आतल्या खोलीतून बैठकीत आला. आपाला बसायचं असेल तर मी शेजारी बसायचं, असं ठरलं. मी एकोणीस वर्षांचा, ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मी. त्या वर्षी फॉर्मची मुदत निघून गेली.

खूप नंतर तिनं मला सांगितलं की तिचं सगळं ठरलेलं होतं. आधी दादीला सांगायचं, कारण दादीचा शब्द अब्बा मोडत नाहीत. मग मिरजेला येतील तेव्हा मामूंना. फी, हॉस्टेलचा खर्च, येण्याजाण्याच्या गाड्या, सगळं एका कागदावर लिहून अब्बांपुढे सगळ्यात शेवटी जायचं. कोणाला आधी, कोणाला नंतर, हा क्रम तिनं महिनाभर विचार करून लावला होता. मी तो एका वाक्यात मोडला. मी तिचं गुपित फोडलं असं म्हणणंही पुरेसं नाही, कारण ती ते लपवून ठेवणारच नव्हती. ते सांगणं तिचं होतं, ते मी हिसकावलं.

पुढच्या वर्षी ती गेली पुण्याला. स्वतःच सांगून, स्वतःच्या क्रमानं. पण एक वर्ष गेलं ते गेलं.

हे इथं सांगू का म्हणून मी तिला गेल्या आठवड्यात फोन केला. दोन अटींवर हो म्हणाली. तिचं नाव घ्यायचं नाही, आणि अब्बांना खलनायक करायचं नाही. अब्बा घाबरले होते, एवढंच. अचानक कळलं की माणूस घाबरतो आणि घाबरला की दार लावून घेतो.

दादीला त्या रात्री माझाच राग आला होता. तिचे एक चुलतभाऊ कामाला परदेशी होते. त्यांची पत्रं यायची आणि मोहल्ल्यात वाचता येणारी माणसं मोजकी. शेजारचा एक मुलगा घरोघर जाऊन पत्रं वाचून दाखवायचा. कोणी पैसे पाठवले, कोणी नाही पाठवले, कोण कोणावर रुसलंय, सगळं त्याला ठाऊक. दादी म्हणायची, तो वाचायचा आणि उंबरा ओलांडला की विसरायचा. म्हणून त्याला सगळीकडे बोलावणं असायचं. मला म्हणाली, “तू पढ्या, लेकिन भूल्या नै.” तू वाचलंस, पण विसरला नाहीस.

आता थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो. कंटाळू नका, गोष्ट चांगली आहे.

आज आपण समजतो की ईमेल म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारं पत्र. पण त्याची सुरुवात एकाच कॉम्प्युटरच्या पोटात झाली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस नावाची यंत्रणा चालवून दाखवली गेली. फर्नांडो कोर्बातो तिचे प्रमुख. खोलीभर आकाराचा एकच कॉम्प्युटर आणि टाइपरायटरसारख्या यंत्रांवर बसून तो एकाच वेळी वापरणारी अनेक माणसं. म्हणजे आपलंच घर, फक्त मोठं. तिथं दोन प्रश्न लगेच उभे राहिले. माझी फाइल दुसऱ्यानं उघडू नये म्हणून काय करायचं? आणि माझ्यानंतर येऊन बसणाऱ्याला निरोप कसा ठेवायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पासवर्ड आला. दुसऱ्याचं उत्तर १९६५ साली आलं. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी ‘मेल’ नावाची आज्ञा लिहिली. ती दुसऱ्याच्या टपालपेटीच्या फाइलमध्ये निरोप टाकायची. ज्याची पेटी त्यानं सवडीनं बसावं आणि वाचावं. टाकणं इतरांचं, उघडणं मालकाचं. पत्त्यात ‘ॲट’चं ते गोल चिन्ह घालून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पत्र पाठवायला रे टॉमलिन्सन यांनी सुरुवात केली, ती १९७१ साली.

घोटाळे तिथंही झाले. १९६६ मध्ये दोन जण एकाच वेळी दोन वेगळ्या फाइली दुरुस्त करत होते, दोघांच्या तात्पुरत्या फाइलीचं नाव एकच निघालं, आणि अदलाबदल होऊन ‘आजची सूचना’ म्हणून प्रत्येकाच्या समोर सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून आली. पुढे, १९७१च्या सुमारास, व्यवस्थापनाचे अधिकार असलेल्या एकानं तो अधिकार वापरून सगळ्यांच्या पेटीत युद्धविरोधी लांबलचक निरोप टाकला. व्हॅन व्लेकनी त्याला टोकलं. तर त्याचं म्हणणं, अहो पण हे महत्त्वाचं होतं! तुमच्या घरच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला येणारे फॉरवर्ड आठवा. तोच माणूस आहे तो.

तर मी म्हणतोय ते नवीन काही नाही. एक यंत्र अनेकांनी वापरायचं तर प्रत्येकाची आपली खोली हवी आणि मध्ये एक बैठक हवी. आपल्याकडे उलटं झालं. खोल्या केल्याच नाहीत, सगळंच बैठकीत. मग ज्याला काही जपायचं असेल तो हिस्टरी पुसत बसतो, आणि हिस्टरी पुसलेली दिसली की घरातले म्हणतात, काहीतरी लपवतोय. मुलगी असेल तर जास्तच म्हणतात.

आपाच्या प्रकरणानंतर मी शरमेनं का होईना, वेगळी खाती केली. एक्सपीमध्ये खात्याला चित्र निवडता यायचं. आपानं बुद्धिबळाच्या सोंगट्या घेतल्या, मी गिटार. अम्मीनं पिवळं रबरी बदक घेतलं. अम्मी उर्दू माध्यमात शिकलेली. मराठी बोलते झकास, वाचते अडखळत, इंग्रजी त्याहून कमी. बदक मात्र तिला लांबूनही दिसायचं. त्या बदकावर क्लिक केलं की आपल्याला हवं तसं उघडतं, मुलाला विचारावं लागत नाही, याचं तिला जे वाटलं ते मी चेहऱ्यावर पाहिलंय. चाळीस वर्षांत त्या घरात फक्त तिची अशी ती पहिली जागा होती.

बैठक म्हणून शेअर्ड डॉक्युमेंट्स हे फोल्डर होतं. आताच्या विंडोजमध्ये त्याला पब्लिक म्हणतात. सी ड्राइव्ह उघडा, त्यात युजर्स, त्यात पब्लिक. त्यात ठेवलेलं त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खात्यांना दिसतं. लिंक द्यायची तर ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याच्या डावीकडे जे छोटं चिन्ह असतं ते माउसनं धरून फोल्डरमध्ये सोडा, शॉर्टकट तयार. नाव बदलून ‘लाइट बिल’ किंवा ‘आपाचा निकाल’ ठेवा. आम्ही अम्मीसाठी उर्दूत नावं द्यायचो, कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही.

निरोपांसाठी एक नोटपॅडची फाइल होती. तिची गंमत सांगतो, कारण ती माझ्या वर्गातल्या पोरांनाही माहीत नव्हती. फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब द्यायचं आणि त्याला चिकटून एल, ओ, जी ही तीन कॅपिटल अक्षरं. सेव्ह करा. पुढच्या वेळी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की शेवटी तारीख आणि वेळ आपोआप पडते. घरची रोजवहीच झाली ती. ‘गॅस संपलाय.’ ‘मामू शुक्रवारी येणार.’ ‘कोणीतरी माझं प्रोजेक्टचं फोल्डर हलवलंय.’ तो कोणीतरी मीच होतो.

हे सगळं तुम्ही व्हॉट्सॲपवर करता, मला माहीत आहे. चांगलंच आहे. फक्त एक बघा. सगळ्यांच्या एकाच खात्यात बसून कोणी व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडून उठलं, तर पुढे बसणाऱ्याला सगळं वाचता येतं, नवे निरोपही. फोन खिशात असला, बंद असला तरी. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून यादी असते. ती आत्ता, बसल्या जागी उघडून बघा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर काढून टाका. मी थांबतो.

झालं? दोघी हसतायत, म्हणजे काहीतरी सापडलं.

लिंक म्हणजे पत्ता. किल्ली नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं पान बहिणीनं तिच्या खात्यात भरलं आणि त्या पानाची लिंक भावाला दिली, तर त्याला लॉगिनचं पान दिसतं. मग तो म्हणतो, तुझा पासवर्ड दे. थांबा. फॉर्म बघायला पासवर्ड लागत नाही. तिनं पीडीएफ काढून बैठकीच्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं. पण काही लिंकांच्या पोटात किल्ली असते, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. पासवर्ड बदलण्यासाठी ईमेलवर येणारी लिंक. ग्रुपमध्ये यायचं आमंत्रण. ड्राइव्हवरच्या फाइलची ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणालाही’ अशी मोकळी सोडलेली लिंक. या बैठकीत ठेवायच्या नाहीत, कारण बैठकीत पाहुणेही येतात.

आणि ब्राउझरमध्ये वेगवेगळे प्रोफाइल केले की झालं, असं कोणी म्हणेल. प्रोफाइल म्हणजे पडदा आहे. कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून कोणीही दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जातो. दार हवं असेल तर विंडोजचंच खातं वेगळं हवं, पासवर्डसकट.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी आलोय. दार केलं तरी एक जण असा असतो ज्याच्याकडे सगळ्या दारांच्या किल्ल्या असतात. त्याला ॲडमिन म्हणतात. ॲडमिन खात्यातून दुसऱ्याचं फोल्डर उघडायला गेलात तर विंडोज म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही, आणि खालीच ‘कंटिन्यू’चं बटण देतं. दाबलं की उघडलं. ज्याचं फोल्डर आहे त्याला काही कळत नाही. एक्सपीमध्ये तर आणखी गंमत होती. नवीन खातं केलं की ते बहुधा ॲडमिनच व्हायचं. म्हणजे दारं चार आणि प्रत्येकाकडे चारही किल्ल्या.

आपल्या घरांत ॲडमिन कोण असतो? मी बरीच घरं पाहिली आहेत, पाहुण्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे आमच्या डिग्रीबरोबर येतं. बहुतेक ठिकाणी घरातला मुलगा. वय काही का असेना. आई, मोठी बहीण, भाभी यांची खाती असली तरी किल्ली याच्याकडे. आणि आपण त्याला सत्ता वगैरे काही समजत नाही. आपण म्हणतो, त्याला कळतं म्हणून. मलाही कळत होतं म्हणूनच होती.

माझी सूचना अशी आहे. ॲडमिनचं खातं वेगळं ठेवा, ज्यात रोज कोणीच बसणार नाही. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं असेल तेव्हाच त्याचा पासवर्ड लागेल. बाकी सगळ्यांची साधी खाती, ज्याला विंडोजमध्ये स्टँडर्ड म्हणतात, मुलाचंसुद्धा. ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून लिफाफ्यात घाला आणि अम्मीच्या कपाटात ठेवा. तिला कॉम्प्युटर येत नसेल तरी चालेल. लिफाफा मागायला येणाऱ्याला ती विचारेल, “कशाला हवाय?” एवढा एक प्रश्न मध्ये आला की पुष्कळ काही टळतं. दहा वर्षांच्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांच्यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण ठेवतोय हे त्यांना सांगून. वीस वर्षांची मुलगी म्हणजे दहा वर्षांचं मूल नव्हे.

कोणी म्हणेल, हे घरातल्या घरात पडदे लावणं आपल्याकडचं नाही. मी आलिम नाही, पण सूरह नूर घरी आपण सगळ्यांनीच ऐकलीय. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या, सलाम करा, हे तिच्या २७व्या आयतीत आहे. ५८व्या आयतीत तर स्वतःच्याच घरातला प्रसंग आहे. पहाटेपूर्वी, दुपारी विश्रांतीला आणि रात्रीच्या इशानंतर, या तीन वेळी घरातल्या मुलांनीही विचारून आत यावं. आणि सूरह हुजुरातमध्ये हेरगिरी करू नका हे स्पष्ट सांगितलंय. पाठीमागे बोलू नका हे सांगणारीही तीच आयत आहे. मी तर एका रात्रीत दोन्ही केलं.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा एकमुखी निकाल दिला. आपण सगळे सरकारपासून, कंपन्यांपासून आपली माहिती जपायच्या गोष्टी करतो, आणि करायलाच हव्यात. पण २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेनं केला, तो एखाद्यानं घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. बरोबरच आहे ते, प्रत्येक घरात अधिकारी कसा बसवणार? पण याचा अर्थ असा की उंबऱ्याच्या आत त्या कायद्याऐवजी आपणच आहोत. बाहेर मोर्चात खासगीपणाच्या घोषणा देणाऱ्यानं घरी बहिणीचा फोन अनलॉक करून मागितला, तर त्याला काय म्हणायचं?

जुना लॅपटॉप असेल, विंडोज ११ त्यावर चालत नसेल, तर तो टाकून देऊ नका. लिनक्स मिंट चढवा, फुकट आहे. लिनक्सचा तर जन्मच एका यंत्रावर अनेक माणसं हे धरून लिहिलेल्या युनिक्सच्या घराण्यात झाला. पण तपासून घ्या. उबुंटूमध्येही २०२१ सालापर्यंत नवीन खात्याचं फोल्डर घरातल्या इतरांना वाचता येईल असंच उघडं असायचं, २१.०४ या आवृत्तीपासून ते मुळातच बंद येऊ लागलं. मॅक कोणाकडे असेल तर त्यात प्रत्येकाच्या पब्लिक फोल्डरमध्ये ड्रॉप बॉक्स असतो. इतरांनी त्यात टाकायचं, आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. १९६५ची टपालपेटी.

मिरजेचं घर आता भाड्यानं दिलंय. कॉम्प्युटर भंगारात गेला, पण नोटपॅडची ती फाइल मी जपून ठेवलीय. त्यात जून २००९ मधली एक नोंद आहे, आपाची. वेळ रात्रीची पावणेबारा. लिहिलंय, ‘दादीला सांगितलं. तू गप्प बस.’

आता ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढच्या टेबलांवर या, खाती करूनच घरी पाठवतो. आणि ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे ठेवायचा हे घरी विचारलं नसेल, तर बाहेर व्हरांड्यात रेंज चांगली आहे. आधी फोन करून या.